वाचकांचे प्रश्न : इव्हेंट लूप मध्येच का थबकतो?

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत तापमान मोजणारी ६० उपकरणे आहेत. दर १० सेकंदांनी ती सगळी टीसीपीवरून सर्व्हरला नोंद पाठवतात. प्रोग्राम सी भाषेत, लिबईव्ही ही इव्हेंट लूपची लायब्ररी वापरून लिहिला आहे. नोंद आली की कॉलबॅकमधून (लूप बोलावतो त्या फंक्शनमधून) ती दुसऱ्या मशीनवरच्या डेटाबेसमध्ये घालतो. दर फेरीला चार-पाच सेकंद सगळेच अडते, सीपीयू मात्र जेमतेम २ टक्के. मोठा सर्व्हर घ्यावा का?
— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : घेऊ नका, पैसे वाया जातील. सीपीयू रिकामा आणि प्रोग्राम अडलेला, म्हणजे तो कुणाची तरी वाट बघत बसला आहे. इथे ती वाट डेटाबेसच्या उत्तराची.

इव्हेंट लूप म्हणजे घटनांची वाट बघून त्यांचे कॉलबॅक चालवणारे चक्र. त्याचा थ्रेड, म्हणजे काम करणारा धागा, एकच असतो. लिनक्सवर तो ईपोल या कर्नलच्या सोयीला विचारतो, कोणकोणत्या सॉकेटवर (जोडणीच्या टोकावर) काही आले. मग त्या यादीतले कॉलबॅक एकापाठोपाठ एक चालवतो. पहिला परतल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही. एका इन्सर्टला ८० मिलिसेकंद धरा, ६० नोंदींना ४.८ सेकंद झाले. उपकरणांचे सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (वाट बघत न थांबणारे) केले म्हणून यातून सुटका नाही, कारण डेटाबेसच्या लायब्ररीचा सॉकेट वेगळा असतो आणि तो खुशाल ब्लॉक होतो. होस्टचे नाव शोधणारा गेटअॅडरइन्फोही तसाच. खात्री करायची तर चालू प्रोसेसला 'स्ट्रेस' हे सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेल्या मागण्या) दाखवणारे साधन लावा, कॅपिटल टी पर्यायासह. प्रत्येक सिस्टिम कॉलला लागलेला वेळ ओळीच्या शेवटी छापला जातो.

उपाय असा : कॉलबॅकने नोंद वाचावी, म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) लावलेल्या रांगेत टाकावी आणि परतावे. डेटाबेसचे काम दुसऱ्या थ्रेडकडे. त्याने दर वेळी रांगेतल्या सगळ्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घालाव्यात. ६० वेळा कमिट (नोंद पक्की) करण्याचा खर्चही वाचेल. लॉग फाइल लिहिणेही त्याच्याचकडे द्या, कारण ईपोल साध्या फाइली स्वीकारत नाही, म्हणजे त्यांची वाट लूपला बघता येत नाही.

त्या थ्रेडला लूपकडे काही कळवायचे असेल तर फक्त एसिंक वॉचर वापरा. वॉचर म्हणजे एका घटनेवर नजर ठेवणारी लिबईव्हीची वस्तू; एसिंक वॉचर दुसऱ्या थ्रेडचा इशारा घेतो. दुसऱ्या थ्रेडमधून थेट वॉचर सुरू किंवा बंद केला तर प्रोग्राम कधी, कुठे कोसळेल याचा नेम नाही. आणखी एक जागा लोक हमखास चुकतात : लूप जागा होण्याआधी पाच वेळा इशारा दिला तरी कॉलबॅक एकदाच येऊ शकतो. म्हणून त्या कॉलबॅकमध्ये लूपसाठी आलेल्या निरोपांची रांग पूर्ण रिकामी करा, एकच वस्तू उचलून परतू नका.

प्रश्न : पावसाळ्यात वीज गेली की आमचे उपकरण बंद पडते, पण सर्व्हरवर ते तासन्तास 'जोडलेले' दिसते. रीड इव्हेंट येतच नाही.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : येणार कसा? वीज गेलेले उपकरण निरोप घेऊन जात नाही. जोडणी संपल्याचे कळवणारे फिन पॅकेट निघालेलेच नसते. जोडणी जिवंत आहे का हे तपासणारे टीसीपीचे कीपअलाइव्ह मुळात बंद असते. सुरू केले तरी लिनक्सचे ठरलेले आकडे असे : ७२०० सेकंद शांतता, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ चाचण्या. म्हणजे २ तास ११ मिनिटे १५ सेकंद.

त्यापेक्षा प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा टायमर वॉचर द्या. नोंद दर १० सेकंदांनी येत असेल तर मुदत ३५ सेकंद ठेवा, म्हणजे तीन नोंदी चुकल्यावरच तोडले जाईल. दर नोंदीला टायमर-अगेन बोलावून मुदत नव्याने सुरू करा. मुदत संपली की क्रम पाळा : आधी आयओ वॉचर (सॉकेटवर नजर ठेवणारा) आणि टायमर थांबवा, मग सॉकेट बंद करा, शेवटी मेमरी मोकळी करा. उलटे केले तर तोच डिस्क्रिप्टर (सॉकेटचा) क्रमांक पुढच्या कनेक्शनला मिळतो आणि जुना वॉचर नव्याच्या नोंदी वाचू लागतो. ही चूक शोधायला आठवडा जातो.

प्रश्न : रोज सकाळी ६ वाजता अहवाल निघावा म्हणून ८६४०० सेकंदांचा टायमर लावला. घड्याळ दुरुस्त केले की वेळ चुकते.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : टायमर वॉचर फक्त 'आतापासून इतक्या सेकंदांनी' एवढेच जाणतो, भिंतीवरचे घड्याळ पाहत नाही. घड्याळाच्या वेळेनुसार चालणारा पिरिऑडिक वॉचर वापरा : इंटरव्हल ८६४००, ऑफसेट १८००. ऑफसेट यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) मोजायचा असतो आणि आपले ६ म्हणजे तिथले मध्यरात्रीनंतरचे साडेबारा.

प्रश्न : शिकायला लिबईव्ही घ्यावी की लिबयूव्ही?
— एक विद्यार्थिनी, चिकोडी

उत्तर : लिनक्सवरच काम असेल तर लिबईव्ही. लहान आहे, लूप स्वच्छ समजतो. उबंटूवर लिबईव्ही-डेव्ह पॅकेज घाला आणि लिंक करताना 'एलईव्ही' (-lev) द्यायला विसरू नका. विंडोजवरही चालवायचे असेल तर नोडसाठी (जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणाऱ्या प्रणालीसाठी) तयार झालेली लिबयूव्ही बरी. फाइली आणि डीएनएससाठी (होस्टचे नाव शोधण्यासाठी) तिच्यात थ्रेड पूल, म्हणजे थ्रेडचा ताफा, असतो, पण त्यात ठरलेले थ्रेड ४ च. पाचवे संथ काम रांगेतच उभे राहते.