काल्पनिक भाषेला बोली कशा द्यायच्या: क्वेन्यातल्या एका 'थ़'चं प्रकरण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कादंबरीसाठी भाषा रचली आहे, शब्दसंग्रह बऱ्यापैकी झालाय, आता तिच्या 'डोंगरी' आणि 'किनारी' अशा दोन बोली हव्यात. सध्या काही शब्दांत 'स'चा 'श' केलाय, काही शब्द सरळ निराळे घेतलेत. एवढं पुरे का?

मला विचाराल तर नाही. एखाद्या प्रसंगात निभावून जाईल. पण बोली बोलणारी पात्रं कादंबरीभर वावरणार असतील, तर अमुक शब्दात 'श' का आणि तमुक शब्दात 'स' का, याला तुमच्याकडे उत्तर हवं. खऱ्या बोलीत ते असतं. वऱ्हाडात आणि खानदेशात 'डोळा'चा 'डोया' होतो, तसाच 'काळा'चा 'काया' आणि 'शाळा'ची 'शाया' होते. 'ळ'वर एक नियम चालून गेलाय आणि त्याने शब्द निवडून घेतलेले नाहीत. कोणाला कोणता शब्द आवडतो हे तो बघत नाही.

रचलेल्या भाषेत हे कुणी नीट करून दाखवलं असेल तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या लेखकाने, टॉल्किनने. तो मुळात भाषाशास्त्रातला माणूस. १९२५ पासून ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता. क्वेन्या, म्हणजे त्याच्या कथांतल्या एल्फ लोकांची एक भाषा, रचायला त्याने १९१५च्या सुमारास सुरुवात केली आणि मरेपर्यंत ती दुरुस्त करत राहिला. क्वेन्याच्या नादावर फिनिशची छाप आहे, एल्फांच्याच दुसऱ्या भाषेच्या, सिंदारिनच्या, नादावर वेल्शची. पण त्याने दोन भाषा शेजारी शेजारी ठेवून रचल्या नाहीत. आधी दोन्हींची एक मूळ भाषा ठरवली आणि तिच्यावर दोन वेगळे नियमसंच चालवले.

जवळून बघा. मूळ शब्द 'गालादा', म्हणजे झाड. क्वेन्यात सुरुवातीचा 'ग' गेला, मधला स्वर गळला, उरलं 'आल्दा'. सिंदारिनमध्ये 'ग' टिकला, शेवटचा स्वर गळला आणि 'द' मऊ झाला: 'गालाद़'. (नुक्ता दिलेला 'द़' म्हणजे इंग्रजी 'दिस', 'दॅट'मधला, नुक्ता दिलेला 'थ़' म्हणजे 'थिंक'मधला, जीभ दातांत धरून फुंकलेला. आपल्या 'द', 'थ'पेक्षा ते वेगळे आहेत.) तसंच क्वेन्यात वडील 'आतार', सिंदारिनमध्ये 'आदार'. शब्द म्हणजे 'क्वेत्ता', तिकडे 'पेथ़', कारण मूळ 'क्व'चा सिंदारिनमध्ये सरसकट 'प' होतो. 'आल्दा' आणि 'गालाद़' एकमेकांसमोर ठेवले तर नातं दिसत नाही, नियम माहीत असले की लगेच दिसतं.

आपल्याकडे सप्त–सत्त–सात, हस्त–हत्थ–हात, कर्म–कम्म–काम ही साखळी आहेच. ती एकदा कागदावर मांडून बघा. भाषा रचणाऱ्या मराठी माणसाला याहून चांगला धडा घरात मिळणार नाही. आणि एक विशेष लक्षात घ्या: 'काम' झाल्यावरही संस्कृतातून 'कर्म' परत उचललं गेलं आणि आज दोन्ही नांदतात. तुमच्या भाषेत अशा दोन-चार जोड्या ठेवल्यात तर ती एकदम जुनी वाटायला लागेल.

आता ध्वनींच्या यादीबद्दल. तुमच्या यादीत अख्खी मराठी वर्णमाला आहे, शिवाय उर्दूतले ख़ आणि ग़. हे जास्त होतंय. भाषेचा चेहरा तिच्यात काय नाही यावरून ठरतो. क्वेन्यात ब, द, ग शब्दाच्या सुरुवातीला येतच नाहीत. ते 'म्ब', 'न्द', 'ल्द', 'र्द' अशा जोडाक्षरांतच भेटतात. शब्दाच्या शेवटी एकतर स्वर, नाहीतर न, ल, र, स, त यांपैकी एक. एवढ्या दोन बंधनांनी कुठलंही क्वेन्या वाक्य कानावर पडताच ओळखू येतं. तुमच्या यादीतला निम्मा माल काढा. महाप्राण (ख, घ, थ, ध असे 'ह' मिसळलेले ध्वनी) काढून टाकलेत तरी नाद कितीतरी बदलेल.

पण मला खरं सांगायचंय ते 'थ़'बद्दल, कारण बोली म्हणजे काय हे मला त्या प्रकरणाने जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या पाठ्यपुस्तकाने शिकवलं नाही. त्याबद्दल टॉल्किनने १९६८च्या सुमारास लिहिलेलं टिपण १९९६ साली छापून आलं.

जुन्या क्वेन्यात 'थ़' होता. वान्यार आणि नोल्दोर ही टॉल्किनच्या कथेतल्या एल्फांची दोन कुळं. वान्यार लोकांनी तो टिकवला. नोल्दोर लोकांमध्ये मात्र त्याचा 'स' होऊ लागला. राजा फिन्वेची पहिली पत्नी मीरिएल हिचं उपनाव 'थ़ेरिंदे', सुईकाम करणारी. तिने 'थ़' सोडला नाही आणि आपल्या माणसांनीही सोडू नये अशी तिची इच्छा होती. मुलगा फेआनोर जन्मल्यावर ती खचली आणि गेली. फिन्वेने दुसरं लग्न केलं ते वान्यार घराण्यातल्या इंदिसशी. तिच्या माहेरी 'थ़' होता, पण सासरच्यांसारखं बोलायचं म्हणून तिने 'स' घेतला. फेआनोरच्या दृष्टीने मग 'स' म्हणणं हा आपल्या आईचा अपमान झाला. त्याने आणि त्याच्या मुलांनी 'थ़' धरून ठेवला, आणि सावत्र भावांच्या बाजूचे लोक 'स'वर अडून बसले. एका व्यंजनावरून माणूस कुठल्या गटाचा ते कळू लागलं.

ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. 'पाणी' आणि 'पानी' यांवरून आपल्याकडे माणसाची जात, गाव, शिक्षण सगळं जोखलं जातं, आणि त्यात किती जणांना वर्गात मान खाली घालावी लागली असेल! ध्वनीला स्वतःचं असं उच्चनीच काही नसतं, ते लोक चिकटवतात. तुमच्या कादंबरीला बोली हवी ती नेमकी इथे. डोंगरातले लोक तो ध्वनी कसा उच्चारतात हे ठरवून झाल्यावर, तो कोणी मुद्दाम धरून ठेवला, कोणी लग्न करून सोडला, कोण पंचायतीत एक बोलतो आणि घरी दुसरं, हे ठरवा.

नियमांचा क्रमही ठरवायला हवा. हे नवशिक्यांच्या हातून सर्रास सुटतं, म्हणून 'थ़'चंच उदाहरण देतो. नोल्दोरांच्या बोलीत आणखी एक बदल झाला: दोन स्वरांमधल्या जुन्या 'स'चा आधी 'ज़मीन'मधला 'ज़' झाला आणि मग 'र'. म्हणून 'ओलोस' म्हणजे स्वप्न, पण अनेकवचन 'ओलोरी'. वान्यार 'ओलोज़ी' म्हणत. आता चंद्राचा शब्द घ्या. सिंदारिनमध्ये 'इथ़िल', नोल्दोरांच्या क्वेन्यात 'इसिल'. हा 'स'सुद्धा दोन स्वरांमध्येच आहे, मग 'इरिल' का नाही झाला? कारण 'स'चा 'र' होण्याची वाट आधीच सुरू होऊन गेली होती आणि 'थ़'चा 'स' नंतर झाला. क्रम उलटा असता तर चंद्राचं नाव निराळं असतं. तुमचे नियम वहीत एकाखाली एक लिहा, प्रत्येक शब्द वरून खाली त्यांतून न्या आणि मधली पायरी गाळू नका.

नियम मोडलेले शब्दही असू द्या, पण त्यांना कारण द्या. चांदीचा मूळ शब्द 'क्येलेपे'. सिंदारिनमध्ये 'केलेब', क्वेन्यात नियमाने 'त्येल्पे'. पण रूढ झालं 'तेल्पे', कारण ते तेलेरी लोकांचं, म्हणजे एल्फांच्या तिसऱ्या कुळाचं रूप. तेलेरींना सोन्यापेक्षा चांदी प्यारी आणि त्यांच्या चांदीकामाला नोल्दोरही मानत. कारागिराबरोबर त्याचा उच्चारही गेला. तुमच्या किनाऱ्यावरच्या लोकांकडून डोंगरात काय जातं? मासे, मीठ, नावा? मग त्या वस्तूंची नावं डोंगरी बोलीतही किनारी उच्चारानेच यायला हवीत.

सत्तेचं एवढंच सांगतो: दोरिआथ या एल्फ-राज्याचा राजा थ़िंगोल याने, नोल्दोरांनी आपल्या भाऊबंदांची कत्तल केल्याचं कळल्यावर, राज्यात क्वेन्यावर बंदी घातली. पुढे नोल्दोर रोजच्या व्यवहारात सिंदारिन बोलू लागले आणि क्वेन्या ग्रंथांची, विधींची भाषा म्हणून उरली. त्या राजाच्या नावातही 'थ़' आहे. क्वेन्यात त्याचंच 'सिंगोल्लो' होतं.

लिपी तुम्ही अजून केलेली नाही म्हणालात, ते बरंच झालं. ध्वनिबदल ठरल्यावरच करा. क्वेन्याच्या लिपीत 'थ़'साठी अक्षर होतं, त्याचं नाव 'थ़ूले'. पुढे उच्चार बदलला तेव्हा नाव 'सूले' झालं, अक्षर मात्र स्वतंत्र राहिलं. आपणही 'षटकोन' लिहितो आणि बहुतेक जण 'शटकोन' म्हणतो. तुमच्या लिपीत असं एखादं अक्षर ठेवा, जे डोंगरातली म्हातारी माणसं अजून उच्चारतात आणि किनाऱ्यावर फक्त लिहिलं जातं.

आता तुमच्याच शब्दसंग्रहातले नातेवाईक, शरीराचे अवयव, पाणी, आग, झाड असे वीसेक शब्द घ्या, त्यांची मूळ रूपं ठरवा आणि दोन्ही बोलींचे चार-चार नियम क्रमाने लावून इथे टाका. कुठे दोन शब्द एकमेकांत मिसळतात ते मी बघून सांगतो. मिसळले तर लगेच दुरुस्त करू नका.