टॉर्चखाली लाल दिसलं म्हणून

अगं,

तुझा फोटो बघितला, व्हायल यूव्ही टॉर्चखाली कसली लालभडक पेटलीये! पण युरोपियम, म्हणजे लँथनाइड गटातला हा धातू, फार दिखाऊ आहे बघ, थोडं काही जुळलं की लगेच चमकायला लागतं, त्यामुळे क्लस्टर, म्हणजे काही धातू-आयन एकत्र बांधलेला रेणू, झाला असं गाइडना एवढ्यात सांगू नकोस.

मी स्वतः सात महिने अशीच फसलेय. माझा चार टर्बियमचा होता, ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर आलटूनपालटून टर्बियम आणि हायड्रॉक्साइड, क्रिस्टल देखणा, एक्सरेने रचनाही हातात. तो मिथेनॉलमध्ये विरघळवला, छान हिरवा प्रकाश, लाइफटाइम, म्हणजे उजेड किती वेळ टिकतो ते, मोजला, ग्राफ काढले आणि सगळं चौघांच्या नावावर लिहून मोकळी झाले. मग एका सिनियरने चहा पिता पिता विचारलं की द्रावणात तो शाबूत आहे कशावरून? मास स्पेक, म्हणजे रेणूचं वस्तुमान मोजणारी चाचणी, केलं तर एकेकटे टर्बियम, आपापले लिगँड (धातूला चिकटलेले सेंद्रिय रेणू) घेऊन हिंडतायत. क्लस्टर कधीच मोडला होता!

म्हणून आधी ते बघ. मास स्पेक कर, द्रावण पातळ करत जा आणि लाइफटाइम बदलतो का ते बघ, आणि जमलं तर त्याच रेसिपीने यिट्रियमचा क्लस्टर बनव, त्याचा आकार जवळपास तेवढाच आणि चुंबकीय कटकट नाही, त्यामुळे एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात घेतलेला स्पेक्ट्रम) स्वच्छ येतो, आणि डोसी, म्हणजे रेणू किती वेगाने पसरतो ते मोजणारा एनएमआर, त्यातून रेणू केवढा आहे याचा अंदाज मिळतो.

लिगँडचं म्हणशील तर हे आयन स्वतः प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत, त्यांच्या इलेक्ट्रॉनच्या उड्यांना, म्हणजे एफ-एफ संक्रमणांना, मनाई ना. लिगँडने प्रकाश पकडायचा आणि आत पोचवायचा, हे 1942 मध्ये वाइसमनने दाखवलं, त्यालाच आपण अँटेना म्हणतो. लिगँडची ट्रिप्लेट पातळी, म्हणजे ज्या उत्तेजित अवस्थेतून तो ऊर्जा पुढे देतो ती, धातूच्या प्रकाश देणाऱ्या पातळीपेक्षा (युरोपियमची साधारण 17,200, टर्बियमची 20,400 सेमी⁻¹, हे ऊर्जेचं एकक) दोन-तीन हजारांनी वर हवी. टर्बियमला फारच जवळ ठेवलीस तर ऊर्जा उलटी लिगँडकडे जाते आणि प्रकाश मंदावतो. ही पातळी मोजायला गॅडोलिनियमचा तोच क्लस्टर बनव आणि 77 केल्विनला स्पेक्ट्रम घे, गॅडोलिनियमची स्वतःची पातळी इतकी वर आहे की तो ती ऊर्जा घेतच नाही.

आता पाणी, सगळ्यात मोठा चोर. ओएच बंधाच्या कंपनात ऊर्जा निघून जाते. नुसत्या युरोपियम आयनचा लाइफटाइम साध्या पाण्यात 0.11 मिलिसेकंद आणि जड पाण्यात (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या) 4 च्या आसपास, यावरून कल्पना कर. गंमत म्हणजे ज्या हायड्रॉक्साइडने क्लस्टर बांधून ठेवलाय तेच प्रकाश खातं, आणि यिटर्बियम-अर्बियमसारखे इन्फ्रारेडवाले तर त्यात पार विझतात. म्हणून साध्या आणि जड पाण्यातल्या लाइफटाइमवरून हॉरॉक्सच्या सूत्राने धातूला चिकटलेले पाण्याचे रेणू मोजशील तेव्हा जपून, ते सूत्र सुट्या, एकाच धातूच्या कॉम्प्लेक्सवर बसवलेलंय, क्लस्टरमधल्या ओएचचा हिशेब त्यात नाही.

अजून एक, 306 नॅनोमीटरला उत्तेजित करून 612 ला काही दिसलं तर नाचू नकोस, तो लॅम्पचाच सेकंड ऑर्डर असतो, म्हणजे 306 चाच प्रकाश यंत्रात दुप्पट तरंगलांबीला दिसतो. फिल्टर लाव. (हो, मी नाचलेय.)

तू म्हणालीस युरोपियम-टर्बियम अर्धे-अर्धे घालून तापमान मोजणारा क्लस्टर करायचाय, टर्बियमच्या 545 आणि युरोपियमच्या 612 नॅनोमीटरच्या उजेडाचं गुणोत्तर वापरून. आयडिया छान आहे, पण चार जागांवर निव्वळ नशिबाने वाटणी झाली तर दोन-दोनवाले रेणू 37.5 टक्केच निघतात, शुद्ध युरोपियम आणि शुद्ध टर्बियम प्रत्येकी 6.25 टक्के, बाकी तीन-एकवाले. म्हणजे आपण "क्लस्टर" म्हणतो ती खरं तर खिचडी असते. टर्बियमकडून युरोपियमकडे ऊर्जा जाते हे दाखवायचं तर युरोपियमच्या जागी यिट्रियम घातलेला क्लस्टरही बनव, दोन्हींमधला टर्बियमचा लाइफटाइम ताडून बघ.

आणि इमेजिंगचं स्वप्न बघतेयस ते बरोबरच आहे. पेशींचा स्वतःचा उजेड काही नॅनोसेकंदांत विझतो, आपला मिलिसेकंदभर टिकतो, म्हणून फ्लॅशनंतर 50-100 मायक्रोसेकंद थांबून मग कॅमेरा उघडला की मागची सगळी गडबड गायब. पण तुझा अँटेना 340 नॅनोमीटरला शोषतो, तेवढा यूव्ही जिवंत पेशींवर मारत राहणं बरं नाही, आणि त्याआधी तो क्लस्टर बफरमध्ये, फॉस्फेटसमोर टिकतो का? फॉस्फेट लँथनाइडला असलं चिकटतं की लिगँड बाजूला पडतो.

तर उद्या फोटो काढणं बंद, आणि मास स्पेकचा स्लॉट बुक कर. मंगळवारी रात्री मी मोकळी आहे, आकडे घेऊनच फोन कर.

तुझी ताई