आधी बांध, मग सरी

विश्रामबाग, सांगली

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बी.एस्सी.नंतर जीनोमचा, म्हणजे जिवाच्या सगळ्या डीएनएचा, कोर्स करायचा, फी दीड लाख, "सिक्वेन्सिंगच्या मशिनवर हात बसेल" म्हणतोस. सिक्वेन्सिंग म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचणं. वडिलांना कर्ज काढायला लावण्याआधी थोडं ऐक.

मशिन बदलत राहतं. मी शिकले तेव्हा ही अक्षरं जेलवरच्या पट्ट्यांवरून डोळे ताणून वाचायचो. एकदा दोन नळ्यांची लेबलं माझ्याच हातून उलटी चिकटली आणि तीन आठवडे पाण्यात गेले. त्या जेलला आज कुणी विचारत नाही.

खरं अवघड काय, ते तुमच्या वाळव्याच्या उसातच कळेल. मधोमध शिरलास की सगळ्या सऱ्या सारख्या. बांधावरची बाभळ दिसेपर्यंत आपण कुठे आहोत ते सांगता येत नाही. डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चारच अक्षरांचा मजकूर, आणि त्यातही तीच तीच अक्षरं परत येणारे लांबच लांब पट्टे आहेत. म्हणून १९९० साली सुरू झालेल्या मानवी जीनोम प्रकल्पात आधी खुणा बसवून नकाशा केला, दीडेक लाख अक्षरांचे तुकडे त्यावर लावले, मग एकेक तुकडा वाचला. अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स, जर्मनी, चीन यांनी मिळून. (आपण त्यात नव्हतो. तांदळाच्या जीनोममध्ये मात्र होतो, अकराव्या गुणसूत्रावर.) २००३ मध्ये काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तरी सुमारे ८ टक्के मजकूर राहिलाच होता. मुख्यतः हे सारखे पट्टेच. लांब तुकडे सलग वाचणारी यंत्रं आल्यावर २०२२ मध्ये तो भरला.

आता तुझ्या कामाचं. १९९६ साली बर्म्युडात जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं, की वाचलेला क्रम २४ तासांच्या आत सगळ्यांना खुला करायचा. त्यामुळे आज एक पैसा न देता तो तुला उतरवून घेता येतो. कॉलेजचा कॉम्प्युटर पुरे.

एकविसावं गुणसूत्र घे, सगळ्यांत लहान. जीआरसीएच३८ ही मानवी जीनोमची २०२२ च्या आधीची, मोकळ्या जागा राहिलेली आवृत्ती उघड. सुरुवातीला ए, सी, जी, टी काही नाही, पानोपानी नुसता 'एन'. एन म्हणजे न वाचलेली जागा. शेजारी २०२२ ची आवृत्ती उघड. पहिल्या फाइलीत पहिलं खरं अक्षर कितव्या जागी येतं, ते मोजणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये स्वतः लिही. कुणाचा उचलू नकोस.

आकडा मला कळव. फीचं त्यानंतर बोलू.

तुझी,
मावशी