वाचकांचे प्रश्न : पिल्ले खुराड्यात परतत नाहीत

प्रश्न : कुळागरालगतच्या (पोफळी-माडांच्या बागेलगतच्या) आमच्या घरी वनराजा जातीची बारा पिल्ले आणली आणि सहा आठवडे ती पडवीत खोक्यात वाढवली. सातव्या आठवड्यात परसातले नवे खुराडे तयार झाले, त्याच सकाळी पिल्ले तिथे नेऊन मोकळी सोडली. संध्याकाळी सात पिल्ले पडवीच्या दाराशी येऊन बसली, तीन चिकूवर चढली आणि दोन सापडलीच नाहीत. ती तिन्हीसांजेला आपणहून खुराड्यात यावीत, यासाठी काय करावे? (एक वाचक, सत्तरी, गोवा)

उत्तर : दाराशी आलेली सात पिल्ले आपल्या समजुतीप्रमाणे घरीच परतली होती. अंधारू लागले की कोंबडीला फार कमी दिसते, म्हणून उजेड आहे तोवरच ती रात्रीची जागा गाठते, आणि आधीच्या रात्री जिथे काढल्या तीच जागा तिला ठाऊक असते. आपल्या पिल्लांनी नव्या खुराड्यात एकही रात्र काढलेली नव्हती. सहा आठवडे उबेत वाढवून मगच बाहेर काढलीत, हे मात्र योग्य झाले. वनराजासाठी तेवढाच काळ सांगितला जातो, कारण त्याआधी पिसे पुरती भरलेली नसतात.

आता उरलेली दहा पिल्ले आठ ते दहा दिवस खुराड्यातच कोंडून ठेवावीत. दाणा-पाणी आतच द्यावे, बसायला आडवी दांडी लावावी, आणि दर वेळी दाणा घालताना डब्यातले दाणे खळखळवून एकच ठरावीक हाक घालावी. हे दिवस पिल्लांपेक्षा घरातल्या माणसांनाच जड जातात आणि तिसऱ्या दिवशी दया येऊन दार उघडले जाते. तसे करू नये. त्यानंतर पहिल्यांदा सोडताना सकाळची वेळ टाळून सूर्यास्ताच्या साधारण तासभर आधी, दुपारचा दाणा न देता, उपाशी पोटी सोडावे. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेरीस सात वाजून गेल्यावर, त्यामुळे घड्याळापेक्षा उजेडावर नजर ठेवलेली बरी. तासाभरात पिल्ले फार लांब जात नाहीत, आणि हाक ऐकताच भुकेपोटी आत धावतात. हा वेळ रोज थोडा वाढवत न्यावा. पहिला आठवडा खुराड्याभोवती जाळीचे छोटे आवार केले तर उत्तमच.

एक बारकावा सहसा लक्षात येत नाही. बाहेर अजून संधिप्रकाश असतो, पण खुराड्याच्या आत काळोख झालेला असतो, आणि कोवळी पिल्ले काळोख्या तोंडातून आत शिरायला बिचकतात. अशा वेळी आत लहानसा दिवा लावून ठेवावा आणि सगळी आत आल्यावर, मोजून, दार बंद करून तो विझवावा. चिकूवर चढणाऱ्या तिघांना अंधार पडल्यावर हाताने उतरवून दांडीवर नेऊन ठेवावे. त्या वेळी ती फारशी धडपडत नाहीत. चार-पाच रात्री हे न चुकता केले तर सवय बहुधा मोडते, मात्र एखादी रात्र आळसाने सोडली तर ते झाडच त्यांचे घर होऊन बसते.

हरवलेली दोन पिल्ले कोणी नेली, हे इथून सांगता येणार नाही. दिवसा मुंगूस, घोरपड, शिकरा आणि मोकाट कुत्री, तर रात्री उदमांजर आणि रानमांजर, असा सत्तरीतला धोका दोन्ही वेळी असतो. पोफळीच्या सरळ खोडांखाली आकाशातून झडप घालणाऱ्या शिकाऱ्यापासून लपायला जागा नसते. म्हणून माडाची चुडते तिरकी टेकवून जागोजागी आडोसे करावेत. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावावी, कारण पातळ षटकोनी जाळी कुत्रा फाडतो, आणि तळाशी सभोवार चिरे बसवावेत म्हणजे उकरून आत येता येत नाही. विष किंवा फास लावू नये. मुंगूस आणि घोरपड यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, शिवाय विष सर्वात आधी आपलीच कोंबडी खाते. कुळागरात कोळेरोगासाठी (सुपारीची फळे कुजवणाऱ्या रोगासाठी) मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारले असेल, तर तेवढे दिवस पिल्लांना तिकडे जाऊ देऊ नये.

पावसाळ्यात चिखलात फिरणाऱ्या पिल्लांना रक्ती हगवण लवकर लागते, म्हणून खुराड्यातला भुसा कोरडा ठेवावा आणि विष्ठेत रक्त दिसताच पशुवैद्याकडे जावे. पहिल्या आठवड्यातली राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावरची लस आयुष्यभर पुरत नाही; पुढची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचतात. आपली पिल्ले त्याच वयात आहेत, तेव्हा कोंडलेल्या दिवसांतच ते उरकून घ्यावे.

प्रश्न : पिल्ले कुंपणावरून उडतात. पंख कापावेत का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : एकाच पंखाची लांब पिसे छाटली तर तोल जाऊन उडणे थांबते, आणि पीस पूर्ण वाढलेले असल्यास वेदना होत नाही. वाढत्या पिसात मात्र रक्त असते, म्हणून कोवळ्या पिल्लांवर हा प्रयोग करू नये. शिवाय कुत्रा मागे लागला तर उडून वाचण्याची वाटही त्याने बंद होते. आपल्या वाडीत मोकाट कुत्री असतील, तर पंख छाटण्यापेक्षा कुंपणच उंच करावे.