माझी गल्पफाइल (गल्प या जावास्क्रिप्ट बिल्ड-टूलची कामं, म्हणजे टास्क, जिथे लिहितात ती फाइल) सहाशे ओळींची झाली आहे. टास्क वेगवेगळ्या फाइलींत कसे टाकू?

फाइलऐवजी 'गल्पफाइल.जेएस' याच नावाचा फोल्डर करा आणि त्यात 'इंडेक्स.जेएस' ठेवा, गल्प तीच फाइल आपोआप उचलतो. प्रत्येक कामाची (स्टाइल्स, स्क्रिप्ट्स, क्लीन म्हणजे जुनं आउटपुट पुसणं) वेगळी फाइल करून तिथून साधं फंक्शन एक्सपोर्ट करा. इंडेक्समध्ये फक्त जोडणी ठेवा: आधी क्लीन, मग स्टाइल्स आणि स्क्रिप्ट्स एकत्र, म्हणजे 'सिरीज'च्या (एकामागून एक) आत 'पॅरलल' (एकाच वेळी). इंडेक्समधून जे एक्सपोर्ट कराल तेवढंच कमांड लाइनवरून चालवता येतं, बाकीचं आतलं राहतं. टास्कची नावं स्ट्रिंगमध्ये देऊ नका. तो टास्क आधी नोंदवलेला नसेल तर 'टास्क नेव्हर डिफाइन्ड' अशी एरर येते आणि मग रिक्वायरचा (फाइली आत ओढण्याचा) क्रम शोधत बसावं लागतं. फंक्शन दिलं की हा प्रश्नच येत नाही. आणि हो, प्रत्येक फंक्शनने स्ट्रीम किंवा प्रॉमिस रिटर्न करायला विसरू नका (त्यावरूनच काम संपल्याचं गल्पला कळतं), नाहीतर 'सिरीज' पुढे सरकत नाही. हे सगळं गल्प 4 चं; गल्प 3 मध्ये टास्कला, तो ज्यांवर अवलंबून आहे त्या टास्कांची अ‍ॅरे (यादी) देता यायची, ती इथे चालत नाही. टास्क तीन-चारच असतील तर मात्र एवढा खटाटोप नको, 'पॅकेज.जेसन'मधल्या (प्रोजेक्टच्या सेटिंग्जच्या फाइलमधल्या) स्क्रिप्ट्स पुरतात. तिथे 'प्रीबिल्ड' ही स्क्रिप्ट 'बिल्ड'च्या आधी एनपीएम (नोडचा पॅकेज मॅनेजर) स्वतःच चालवतो.