आयडलिंग टिकत नाही? आधी हवेची गळती शोधा

रेस न देता दुचाकीचे इंजिन एकसारखे चालत राहत नसेल, म्हणजे आयडलिंग टिकत नसेल, तर लगेच कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलू नका. रेस सोडल्यावर आरपीएम (इंजिनचे फेरे) हळूहळू उतरतो, सायलेन्सरमध्ये फटफट होते आणि चोक थोडा ओढला की इंजिन सुधारते, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त आहे. मात्र पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारे बारीक छिद्र) तुंबल्यावरही हेच होते, म्हणून आधी गळती तपासायची.

इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. स्प्रे बाटलीतले साधे पाणी कार्ब्युरेटर आणि इंजिनचे हेड जोडणाऱ्या रबरी मॅनिफोल्डच्या (नळीच्या) सांध्यांवर थोडे थोडे मारा. आवाज बदलला की जागा सापडली. कार्ब क्लीनरने (कार्ब्युरेटर साफ करायच्या स्प्रेने) फरक जास्त स्पष्ट कळतो, पण गरम सायलेन्सरजवळ तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे नवख्याने पाणीच वापरावे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही बघा. तेव्हाच आरपीएम चढत असेल तर दोष रेसच्या केबलचा.

जुन्या गाडीचे रबर वरून चांगले दिसते, वाकवले की भेगा उघडतात. तसे असेल तर बदलाच, सीलंट पेट्रोलपुढे टिकत नाही. फ्लँजची (मॅनिफोल्डच्या बोल्टने बसणाऱ्या कडेची) ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, चपटी झाली असेल तर नवी घाला. बोल्ट जास्त आवळल्याने फ्लँज वाकतो: सपाट काचेवर ठेवून हलतो का बघा, हलला तर काचेवरच ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा. व्हॅक्यूम नळीची टोपी नीट बसली आहे ना, हेही बघायला विसरू नका.

गळती बंद होईपर्यंत मिक्श्चर स्क्रूला (आयडलचे पेट्रोल-हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या) हात लावू नका.