अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासचा ऑब्जेक्ट बनतच नाही, मग जावात त्याला कन्स्ट्रक्टर कशाला?

तो कन्स्ट्रक्टर चाइल्ड क्लाससाठी असतो: ‘वर्तुळ’चा ऑब्जेक्ट बनताना आधी त्याच्या पेरेंटचा, म्हणजे ‘आकार’ या अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतो आणि नाव, रंग अशी सगळ्या आकारांची सामाईक फील्ड तिथेच भरली जातात. तुम्ही सुपर (पेरेंटचा कन्स्ट्रक्टर बोलावणारी ओळ) लिहिलं नाही, तर कंपायलर आर्ग्युमेंट नसलेला सुपर स्वतःच घालतो. दोन्ही कन्स्ट्रक्टरमध्ये एकेक प्रिंट टाकून चालवा, ‘आकार’ची ओळ आधी दिसेल. हे खरंच करून बघा, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही.

फक्त एक जपा: ‘आकार’च्या कन्स्ट्रक्टरमधून क्षेत्रफळ() ही अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड कॉल करू नका. पॉलिमॉर्फिझममुळे ‘वर्तुळ’चीच मेथड चालते खरी, पण त्रिज्या तुम्ही सुपरच्या खालच्या ओळीत भरत असाल तर ती तेव्हा अजून 0 असते. कंपायलर काही बोलत नाही, एररही येत नाही. त्रिज्या 7 दिलेली असूनही क्षेत्रफळ 0.0 छापलं जातं, आणि असा बग शोधताना नवख्याचे तास जातात. क्षेत्रफळ ऑब्जेक्ट पूर्ण बनल्यावरच मागा.